आठवं बदक

हार्लेम शहरात लुबर्ट हेरिट्स नावाचा एक माणूस तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून, छापून विकायचा. माणसांचे चेहरे काही त्याला साधत नसत, म्हणून तो जनावरंच काढी.

त्या वर्षी नगरसभेनं शहराच्या धान्यकोठाराची किल्ली एका नामांकित लबाड व्यापाऱ्याच्या हाती दिली. आठवडाभरात पाव आकसला.

"हा पाव आहे की बटण?" लुबर्टची बायको माख्टेल्ड म्हणाली.

लुबर्टनं पत्रा पुढे ओढला. परसातली बदकं बघून बघून त्यानं सात बदकं कोरली. गळ्यात झालरीच्या कॉलरी, माना ताठ, आणि मोठ्या अदबीनं कोल्ह्याला खुराड्याची किल्ली देताहेत. खाली कुणाचंच नाव नाही. दोन दिवसांत चित्र प्रत्येक गुत्त्याच्या भिंतीवर चिकटलं. तिसऱ्या दिवशी नगरसभेचं बोलावणं आलं.

आठही सभासद बसले होते. नगराध्यक्षांनी चित्रावर बोट ठेवलं.

"हे जाडं बदक म्हणजे मी ना?"

"नाही साहेब, ती आमच्या घरची कॉर्नेलिया. अंडी देते."

"थापा मारू नकोस. ही हनुवटी माझीच."

मग वाकडी चोच एकानं ओळखली, बारीक पाय दुसऱ्यानं. बघता बघता सगळ्यांनी आपापलं बदक हेरलं. राहिले चामड्याचे व्यापारी टेउनिस महाशय. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"सातच आहेत. मी कुठाय?"

"तुम्हाला विचारतंय कोण?" नगराध्यक्ष म्हणाले.

"किल्लीच्या ठरावाला पहिला हात माझा होता."

"पहिला माझा," वाकडी चोच म्हणाली.

तिथून जी जुंपली, ती जेवणाच्या वेळेपर्यंत. लुबर्ट टोपी हातात धरून उभाच. त्याला शिक्षा करायची सगळेच विसरले. जाता जाता टेउनिस महाशयांनी त्याला दारात गाठलं.

"आठवं बदक घाल. पुढच्या रांगेत. आणि जरा रुबाबदार काढ."

लुबर्टनं पायांत बकलांचे बूट घालून रुबाबदार काढलं. टेउनिस महाशयांनी डझनभर प्रती घेऊन सोयऱ्याधायऱ्यांत वाटल्या, 'हा मी' असं बोटानं दाखवत. आता मात्र शहराला कसलीच शंका उरली नाही. सभासद रस्त्यानं निघाले की मासेवाल्या बायका तोंडानं क्वॅक क्वॅक करायच्या. महिन्याभरात सभेनं किल्ली परत घेतली.

लुबर्ट पुढे बावीस वर्षं जनावरं कोरत राहिला. माख्टेल्डचं मात्र एकच म्हणणं होतं, "दोन दिवस तुरुंगात टाकलं असतं, तर जरा नाव तरी झालं असतं."