'न्'वर संपणारं गाणं

"अगं, पाहुण्यांना चहाविना बसवलंस!" शिगेओ रविवारपासून बायकोपाशी तेच उगाळत होते.

"मग तुम्ही उठायचं होतं," चिझुए भांडी विसळत म्हणाली.

गल्लीतली मंडळी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे कराओके लावून गाण्यांच्या भेंड्या खेळत. आधीच्या गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर धरून पुढचं गाणं निवडायचं. नाव 'न्'वर संपलं की ते निवडणारा बाद, कारण जपानीत 'न्'ने शब्दच सुरू होत नाही, मग गाणं आणायचं कुठून? चिझुए दर वेळी पहिल्याच फेरीत 'युकी नो चोचिन्'सारखं 'न्'वर संपणारं गाणं निवडायची, बाद व्हायची आणि चहाला उठायची. "वहिनी पुन्हा विसरल्या!" म्हणून सगळे हसत. ती काही विसरत नव्हती. या रविवारी मात्र तिच्या तोंडून भलतंच नाव गेलं, मग पुढचं सुचलं, त्याच्या पुढचंही, आणि ती शेवटपर्यंत गात राहिली.

"आई, म्हणजे तू मुद्दाम हरायचीस?" मिओने, तिच्या मुलीने, विचारलं.

"कुणीतरी उठायला नको?"

एवढी वर्षं सगळ्यांत मोठ्याने शिगेओच हसायचे.

चिझुएने हात पुसले. "पुढच्या वेळी मी जागेवरून हलणार नाही. चहा हे करतील."