कंदीलपुष्पाची मोजदाद

"पाय उचला! अहो, पांढरे बूट, तुम्हालाच सांगतेय, पाय उचला! सीतेची आसवं आहेत ती!"

ओरडणं असं की खडकवासल्याच्या पाण्यावर लाट उठली आणि पलीकडच्या काठावर एक म्हैस मुदतीआधी व्याली, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आलो. म्हशीचं सोडून द्या. पाय मात्र मी खरोखर उचलला. ओल्या कातळावर, माझ्या बुटाच्या ठशात, ज्वारीच्या दाण्याएवढी निळी-जांभळी फुलं चेपली होती.

"आता तसेच उभे राहा," बाई म्हणाल्या. "दुसरा पाय कुठे टेकवायचा ते मी सांगेन."

ही आमची ओळख. बाई वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. आणि मी मार्केट यार्डातला कांदा-बटाट्याचा आडत्या, गाळा मुलाच्या हाती देऊन बिबवेवाडीत रिकामा बसलेला. बटाटा नुसता हुंगून तालुका सांगणारा माणूस मी. बाईंच्या रानफुलांच्या मंडळात गेलो तो डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. महिन्यातून एका शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यान, सर्वांना खुलं. पावसाळ्यात रविवारी टेकड्यांवर सहल. व्याख्यानाला तीस माणसं यायची, त्यातली दहा नंतरच्या वड्यासाठी. अकरावा मी.

तीन पावसाळ्यांनंतर बाईंचे गुडघे गेले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी मला एकट्याला बोलावलं आणि काठी टेकत एका डोंगराच्या उतारावर नेलं. बसलेल्या वासराएवढा एक दगड होता. त्याच्या कुशीत, गवतात, पाच वेली. बोटभर लांब फुलं, खाली फुगलेली, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली. हुबेहूब कंदील.

"कंदीलपुष्प," बाई म्हणाल्या. "माशी आत शिरते. आतले केस खाली वळलेले असतात, तिला परत फिरता येत नाही. एक-दोन दिवसांनी केस वाळतात, मग सुटते."

ही जागा त्यांच्या मैत्रिणीने शोधलेली. दोघी दर ऑगस्टला येऊन वेली मोजायच्या. मैत्रीण त्या जूनमध्ये गेली. मंडळाचा नियम असा की दुर्मीळ झाडाची जागा लिहायची नाही, फोटो टाकायचा नाही. तोंडी, एकाच माणसाला सांगायची.

"मग मलाच का?" मी फुशारून विचारलं.

"कारण तुमच्यावर कोणाचा विश्वास नाही. उद्या तुम्ही अप्पा बळवंत चौकात उभं राहून जागा ओरडून सांगितलीत, तरी लोक म्हणतील, फेकतोय." मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "मला मात्र खरं सांगायचं. दर ऑगस्टला. तिचं एवढंच राहिलंय."

पुढच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीने वृक्षारोपणाचं काढलं आणि सेनापती मी. माझ्या ओळखीचा डोंगर तोच. उतार करपलेला, सगळीकडे सारखाच पिवळा. झाडं देशीच लावायची, असा माझा हट्ट. बाईंच्या व्याख्यानात ऐकलेलं. त्याच व्याख्यानात त्यांनी माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे, असंही सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी वडा आणायला बाहेर गेलो असणार. वासराएवढा दगड मला दिसला नाही. वाटेला पायऱ्या करणाऱ्यांनी तो पहारीने हलवून खाली नेला होता, हे मला नंतर कळलं. कंदीलपुष्पं गवतात कुठेतरी वर असणार, असं मी धरून चाललो.

मी एकट्याने चाळीस खड्डे खणले. बरं, चार. चौथ्यात कुदळीला कंद लागले. चपटे, लिंबाएवढे, मातकट. कंद म्हणजे माझा धंदा. मी एक हुंगला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तालुका सांगता येईना. शेजारी मेंढरं घेऊन एक म्हातारा उभा होता.

"खा की मालक," तो म्हणाला. "ग्वाड लागत्यात. आमी ल्हानपनी लई खाल्ल्यात."

पुढचे काही महिने ही गोष्ट सांगताना मी दोन खाल्ले म्हणत असे. माझ्या हातून आकडा कमी करून सांगितला गेला, असं ते एकमेव उदाहरण. निघाले पाच, आणि पाचही खाल्ले मी. धोतराच्या सोग्याला पुसून म्हाताऱ्याने एकेक हातात दिला आणि मी कराकरा खात गेलो. मग त्या खड्ड्यात जुलैमध्ये करंजाचं रोप लावलं.

ऑगस्टमध्ये मोजायला गेलो. दगड खाली वाटेकडेला पडलेला, वेली कुठेच नाहीत. जागा चुकली असेल म्हणून दुपारपर्यंत उतार पालथा घातला. बाईंकडे जाऊन सांगितलं, "पाच." लहानसं खोटं. मी याहून मोठी खोटी सकाळच्या चहाबरोबर बोलतो. बाईंनी वहीत 'पाच' लिहिलं आणि किती तरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसल्या.

सप्टेंबरच्या व्याख्यानाला बाहेरगावचे एक पाहुणे होते. पडद्यावर कंदीलपुष्प आलं, मी शेजाऱ्याला ढोसून म्हणालो, "आपल्या घरचं." पुढच्या चित्रात एक तळहात होता. तळहातावर कंद. चपटा, लिंबाएवढा, मातकट. "उन्हाळ्यात वेल वाळून जातो," पाहुणे म्हणाले, "झाड जमिनीखाली एवढंच उरतं. गुराखी हे खणून खातात."

वडा तसाच कागदात गुंडाळून मी घरी आलो. बायको म्हणाली, "बरं नाही का? वडा परत आणलात!"

तिथून पुढे काय झालं ते ऐकताना तुम्हाला हसू येईल, तर हसा. मी आजवर शंभर भुतं रचून विकली आहेत. मार्केट यार्डातल्या हमालांना मी रचलेल्या भुतांची नावं पाठ आहेत. पण ती भुतं माझी होती, मी म्हणेन तेव्हा यायची. ही कोणाला विचारून येत नव्हती. गाळ्यावर सहज गेलो, पोत्यातून बटाटा उचलला, की हातात तो तळहातावरचा कंद. जिभेवर ती चव, भर बाजारात. आणि डोंगरावर तर, दिवसाढवळ्या, दहाचं ऊन असताना, माझ्यापुढे पन्नास पावलांवर एक बाई वाकून काहीतरी मोजत चाललेली. सुती साडी, खांद्याला झोळी. मी थांबलो की थांबायची. मी तिच्यापर्यंत पोचायचो तेव्हा नुसतं गवत, आणि त्या गवतात कोणी नुकतंच बाजूला सारल्यासारखी वाट. बाईंच्या मैत्रिणीला मी कधी पाहिलेलं नव्हतं. ती कसल्या साड्या नेसायची, ते मी बाईंना विचारलं नाही. उत्तर जुळलं असतं तर?

तरी दर ऑगस्टला मी जात राहिलो आणि दर ऑगस्टला खोटं वाढवत राहिलो. दुसऱ्या वर्षी सात सांगितल्या. बाईंचा चेहरा असा उजळला की तिसऱ्या वर्षी नऊ म्हटल्यावाचून राहवेना. चौथ्या वर्षी तेरा. त्या फुलातल्या माशीसारखी परतीची वाट बंद, आणि मी आत आत. करंज तोवर माझ्या उंचीचा झाला होता.

मग यंदा, पावसाळ्याआधी, बाईंनी जाहीर केलं की जूनचं व्याख्यान त्या स्वतः देणार. मैत्रिणीवर. हॉल भरला. बाई खुर्चीत बसूनच बोलल्या. पडद्यावर आकडे आले: पाच, पाच, सात, नऊ, तेरा. "जागेला हात लावला नाही, की झाड आपलं आपण वाढतं," त्या म्हणाल्या. "हे मी लिहून पाठवणार आहे, इतर डोंगरांवर काम करणाऱ्यांसाठी. आडते नसते तर हे आकडे मिळाले नसते. उभे राहा, आडते."

टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो. मागच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, सुती साडी दिसल्यासारखी वाटली. मी नीट पाहिलं नाही.

"बाई, तिथे एकही वेल नाही," मी म्हणालो. "पाच होत्या. मी खाल्ल्या. खड्डा मी खणला, कंद मी खाल्ले, वर झाड लावलं, आणि चार वर्षं तुम्हाला फुलं सांगत आलो."

हॉल फुटला. हसण्याने हो. पहिल्या रांगेतले एक निवृत्त बँक मॅनेजर डोळे पुसत म्हणाले, "आडते, आज कहर केलात!" कोणीतरी विचारलं, "मीठ लावून खाल्लेत का?" आयटीतली दोन पोरं मोबाइल काढून म्हणाली, "काका, परत बोला ना, रेकॉर्ड करतो." मी ओरडून सांगितलं, "अहो खरं बोलतोय!" त्यावर आणखी मोठा हशा. इतकी दाद मला जन्मात कुठल्या थापेला मिळाली नव्हती.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग हातातलं बटण दाबून पडदा पांढरा केला. "आजचं व्याख्यान इथेच संपलं," म्हणाल्या.

लोक वड्यांकडे गेले. हॉलमध्ये आम्ही दोघंच. बाई लॅपटॉपची वायर हाताच्या पंजावर गुंडाळत होत्या. मी समोर उभा, मान खाली.

"कसे लागले?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं टोमणा. पण त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या.

"गोडसर," मी म्हणालो. "कोवळ्या काकडीसारखे. शेवटी जरा तुरट."

"ती दर वर्षी म्हणायची, एक खाऊन बघू या. मी कधी खाऊ दिला नाही." वायर गुंडाळून झाली. ती त्यांनी पिशवीत ठेवली.

"बाई, शिव्या द्या. काहीतरी म्हणा. आता ऑगस्टमध्ये मी काय करू?"

"जाऊन या," बाई म्हणाल्या. "आणि काही नसलं तर काही नाही म्हणून सांगा."