मधल्या सुट्टीपर्यंत

‘बाई, मधल्या सुट्टीपर्यंत पाय बरा होतो,’ असं ती म्हणायची. आणि खरंच व्हायचा. तिथेच माझी फसगत झाली.

शेणवे गावाच्या पुढे आमची शाळा. माझ्याकडे तिसरीचा वर्ग, ती त्यातलीच. ती रोज प्रार्थना संपल्यावर यायची, उजवा पाय ताठ धरून, भिंतीला हात लावत. दुपारी मात्र पोरींबरोबर लंगडी खेळायची आणि जिंकायचीही. एका पायाची तिला सवयच होती. तुम्ही काय समजला असता? मी नाटक समजले. उशीर झाला की तिला वर्गाबाहेर उभं करायचे, तासभर. ती रडायची नाही.

पावसाळ्यात गुडघा नारळाएवढा सुजला. तिचे वडील टेम्पो चालवतात. त्यांनी मुंबईला नेलं. लहान मुलांचा संधिवात निघाला; यात सांधे सकाळी आखडतात, दुपारपर्यंत सुटतात. गावातल्या बायका हसल्या, हा तर म्हाताऱ्यांचा रोग. ती म्हणाली, ‘माजा गुडघा म्हातारा झालाय, मी नाय.’

डॉक्टरांनी बजावलं होतं, या आजारात डोळेही जातात. दुखत नसले तरी दर तीन महिन्यांनी दाखवा. पहिल्या खेपेला दाखवले. पुढची खेप भातकापणीत आली.

‘डोला लाल नाय, पानी नाय. कशाला जायचा बाई?’ वडिलांनी मला विचारलं.

‘कापणी होऊ द्या,’ मी म्हणाले. ‘मी आहेच लक्ष ठेवायला.’

लक्ष ठेवण्यासारखं वरून काहीच दिसत नव्हतं. कापणी झाली, झोडणी झाली, पौषात म्हसा गावची जत्राही झाली. मग एकदा ती फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेऊ लागली. मी तिचा उजवा डोळा हाताने झाकला आणि वाच म्हटलं.

‘बाई, तुमी फळा पुसलात का?’

डावा डोळा आतून सुजून गेला होता. त्याची नजर आता येणार नाही, असं मुंबईत सांगितलं. उजवा वाचवायचा म्हणून दिवसातून सहा वेळा थेंब, आणि आठवड्याची एक गोळी. त्या गोळीच्या नुसत्या वासाने तिला ओकारी यायची.

एका खेपेला मीही गेले होते. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, ‘तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’

गुडघ्याचा म्हणेल, गोळीचा म्हणेल, असं मला वाटलं. तिने थोडा विचार केला.

‘माज्याशी कोनी भांडत नाय,’ ती म्हणाली.

तो हुकूम माझा होता. हिला धक्का लावायचा नाही, हिच्याशी वाद घालायचा नाही, असं मीच वर्गाला दरडावलं होतं. तेव्हापासून पोरी तिला खेळायला घेत नव्हत्या. भिंतीशी बसवून दप्तरं राखायला देत होत्या.

परत येताना एसटीत मी तिला म्हटलं, ‘तुला बाहेर उभं करायचे, ते चुकलं माझं.’

‘तुमी नाटक म्हनायच्या ना,’ ती अगदी सहज म्हणाली. ‘मग मला पन वाटायचा, मी नाटकच करतेय.’



पाचवीच्या सुरुवातीला वडिलांनी दाखला मागितला. दवाखाना जवळ पडावा म्हणून ते कल्याणला खोली घेऊन राहणार होते. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागतं. मी ‘स्थलांतर’ लिहिलं.

दोन दिवसांनी सामान भरून टेम्पो शाळेवरून गेला. मी फाटकापाशी उभी होते, वडिलांनी वेग कमी केला. ती डाव्या खिडकीशी बसली होती, माझ्यापासून हातभर अंतरावर, समोर रस्त्याकडे बघत. मी हात हलवला. हलवत राहिले. तिच्या डाव्या बाजूला आता कुणीच नसतं, हे मला टेम्पो वळून गेल्यावर कळलं.