बर्निस कोपऱ्यातून चौकटीत आली

आमची बर्निस झिलिन्स्की शाळेची बस चालवते आणि तोंडही त्याच वेगाने चालवते. न्यू जर्सीतल्या आमच्या गावाच्या परिषदेवर निवडून जायचंच, असा तिने ध्यास घेतला होता. पण त्याआधी पक्षाची उमेदवारी हवी, म्हणजे पक्षातल्या पक्षात होणारी प्राथमिक निवडणूक जिंकायला हवी. तिथेच ती दरवेळी आपटायची.

दोष मतपत्रिकेचा. पुढाऱ्यांची लाडकी मंडळी, गव्हर्नरपासून परिषदेपर्यंत, सगळी एकाच उभ्या रांगेत. बर्निस पार उजव्या कोपऱ्यात, वाळीत टाकल्यासारखी. आणि आमची माणसं बापजाद्यांपासून पहिल्या नावावर बोट ठेवून सरळ खाली उतरणारी. मागच्या खेपेला तिचा नवरा वॉल्टरही तसाच उतरला. घरी येऊन म्हणतो, "तुझं नाव छापायला विसरले वाटतं गं."

"डोळे काय गाडीत ठेवून गेला होतास?" बर्निसने विचारलं. त्यानंतर बरेच दिवस वॉल्टर स्वतःच्या हातचं जेवला.

यंदा मात्र मतपत्रिका बदलली. एका पदाची एक चौकट, आणि त्या पदाला उभे असलेले सगळे त्याच चौकटीत. नमुना टपालाने आला तशी बर्निस घरातल्या सपातांवरच माझ्याकडे धावत आली.

"बघ, पुढाऱ्यांच्या त्या लाडक्या फ्रँक मोरेलोच्या खालीच मी. अगदी चिकटून."

मला तर नाचावंसं वाटलं. कोपऱ्यातलं तिचं नाव शोधून मीही विटले होते.

मतदानाला वॉल्टर आत गेला तो बाहेर येईचना. मागची रांग कुरकुरायला लागली, माझा जीव टांगणीला लागला.

"इतका वेळ काय करत होतास?" मी विचारलं.

"वाचत होतो," तो म्हणाला. "आजवर कधी वाचलंच नव्हतं."

रात्री गावाच्या हॉलमध्ये निकाल लागला. मोरेलो थोडक्यात जिंकला. मी रडायच्या बेतात, आणि ही बया हसतेय.

"अगं, हरलीस ना तू?"

"हरले. पण यंदा लोकांनी मला बघून नाकारलंय. आता का ते विचारता तरी येईल."

खुर्ची ओढून ती शेजारच्या टेबलाशी जाऊन बसली. तिथे आमचा खाटीक लिओ सँडविच खात होता.

"लिओ, खरं सांग. मला का नाही दिलंस?"

लिओने घास गिळला, जरा विचार केला. "तू बस फार दामटतेस, बर्निस."

"बरं," ती म्हणाली, "आणखी?"