घरच्या माणसांचा भाव

मुलं मोठी झाल्यावर मी घरबसल्या साड्या विकू लागले. सुरतेत, गोडादऱ्यात, आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बायका हेच करतात. मार्केटमधला व्यापारी सकाळी फोनवर कॅटलॉग पाठवतो. साड्यांचे फोटो आणि खाली त्याचा भाव. तो आकडा पुसायचा, आपला लिहायचा आणि फोटो पुढे धाडायचे. कुरिअरचा खर्च, परत येणाऱ्या साडीची धास्ती, सगळं धरून थोडं वर चढवायचं. पण किती चढवायचं, हे मी गिऱ्हाइकाचा चेहरा आठवून ठरवायची. नवऱ्याच्या बँकेतल्या बायकांना जरा जास्त. शेजारणीचा नवरा लूमवर दिवसदिवस उभा असतो, तिला अगदी नावापुरतं.

माझी थोरली नणंद अमळनेरला असते. माझा नवरा कॉलेजात असताना तिच्याकडेच राहिला, तिच्याच हातचं जेवला. तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आहेराच्या साड्या तिने माझ्याकडे मागितल्या. मला फार बरं वाटलं. तिला कॅटलॉग पाठवताना मी आकड्याला हातच लावला नाही. व्यापाऱ्याचा भाव तोच तिचा भाव. कुरिअरचे पैसेही आपणच भरायचे, असं ठरवलं. हे मी तिला सांगितलं नाही. सांगणं म्हणजे मोठेपणा मिरवणं वाटलं.

तिने रंग निवडले, मी व्यापाऱ्याला माल बांधायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने मला दुसऱ्या एका विकणारीकडून आलेला फोटो पाठवला. तीच साडी, तीच मॉडेल, केसांत तोच गजरा. खालचा भाव मात्र माझ्यापेक्षा बराच कमी. पाठोपाठ फोन आला. नणंद एरवी माझ्याशी शुद्ध मराठीत बोलते, चिडली की अहिराणीवर येते.

"तू बी माले गिऱ्हाईक समजनी का?"

"ताई, मी त्यात एक रुपया ठेवलेला नाही. जसा आला तसाच भाव पाठवला."

"मग ही बाई सुरतेहूनच स्वस्त कशी देते?"

"मला खरंच माहीत नाही. विचारून सांगते."

"राहू दे," म्हणाली आणि फोन ठेवला.

नवरा शेजारीच चहा पीत बसला होता.  कप खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "खरंच काही ठेवलं नाहीस ना?"

मी फोन त्याच्यापुढे धरला. मला वाटलं, तो हात मागे घेईल, 'काही गरज नाही' म्हणेल. त्याने फोन घेतला, चष्मा लावला आणि व्यापाऱ्याचा निरोप नीट वाचला. मग "बरं" म्हणून परत दिला. नणंदेच्या बोलण्याने जितकं लागलं नव्हतं, तितकं त्या वाचण्याने लागलं.

मी मार्केटात गेले. व्यापाऱ्याने दुसऱ्या भावाचा फोटो पाहिला आणि हसला. "बेन, फोटो तो बधानो, माल पोतपोतानो." फोटो सगळ्यांचा, माल ज्याचा त्याचा. कॅटलॉग बाहेर आला की त्याच फोटोवर हलक्या कापडाची नक्कल विकायला सुरुवात होते, हे त्याच्यासाठी रोजचंच होतं. मी त्याच्या साडीचा व्हिडिओ काढला, पदर उलटून वीणही दाखवली, सगळं समजावून नणंदेला पाठवलं. तिने पाहिलं, पण उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी नवऱ्यालाच तिचा फोन आला, साड्या दुसरीकडून घेतल्या म्हणून. व्यापारी ओळखीचा, त्याने कुरकुरत का होईना, बांधलेला माल परत ठेवून घेतला.

लग्नाला आम्ही गेलो. नणंदेने मला हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि आहेराची साडी हातात दिली. ती त्या स्वस्तातल्या साड्यांपैकीच होती. रोजच्या सवयीने माझा अंगठा काठावरून फिरला. कापड पातळ होतं, काठाची जर आताच खरखरत होती. मान वर केली तर नणंद माझ्या हाताकडेच बघत होती.

"चांगली आहे ना?"

"छान आहे, ताई."

तिचं तोंड उतरलं. साडी हलकी आहे हे तिला आधीच कळलं होतं, की मला ते कळल्याचं तिला आत्ता दिसलं होतं, हे मला अजून सांगता येत नाही. मागे बायका रांगेत उभ्या होत्या. ती पुढच्या बाईला कुंकू लावायला वळली.

परतीच्या गाडीत नवरा म्हणाला, "तू ताईशी स्पष्ट बोलायला हवं होतंस."

"कधी? तू वाचत होतास तेव्हा?"



दिवाळीच्या आधी नणंदेचा निरोप आला. विहिणीला द्यायला एक चांगली साडी हवी होती. खाली लिहिलं होतं, 'तुझे पैसे धरून सांग हं.' रागाने लिहिलं की मायेने, ते मी पुन्हा पुन्हा वाचूनही ठरवू शकले नाही. विनानफ्याचा भाव लिहिला, पुसला. शेवटी अनोळखी गिऱ्हाइकाला लावते तेवढंच चढवून पाठवलं. तिने घासाघीस केली नाही, लगेच पैसे पाठवले आणि दोन हात जोडल्याचं चित्र. पूर्वी ती मला असे हात कधी जोडत नसे.