लाल चिठ्ठी

आमच्या घरात अर्जंट हा शब्द कात्रीने कापला जायचा. बाबा यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. छप्पन साली विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला आणि फायलींचा नुसता पूर आला. घाईच्या फायलीला लाल चिठ्ठी टाचायची, अशी पद्धत. चिठ्ठ्या पुरेनात, म्हणून बाबा लाल कागदाचे ताव घरी आणत. मी पट्ट्या कापायची, बाबा त्यांवर वळणदार अक्षरात 'अर्जंट' लिहायचे. घामाने कागदाचा रंग सुटायचा आणि माझी बोटं दोन दोन दिवस लाल राहायची.

"अर्जंट म्हंजे काय?" मी एकदा विचारलं.

"आजच्या आज."

पण हळूहळू झाडून साऱ्या फायलींना चिठ्ठी लागली आणि साऱ्याच पडून राहू लागल्या. गावातही तेच. शिंप्याकडे चोळी अर्जंट, गिरणीवर दळण अर्जंट. आई बाबांना चिडवायची, "चहात साखर टाकू, का त्याले बी चिठ्ठी लागते?" बाबासुद्धा हसायचे.

तीन-चार वर्षांनी आईला घास गिळवेना. डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. बाबांनी रजेचा अर्ज लिहिला आणि मी गुपचूप त्यावर चिठ्ठी टाचली. सकाळी निघताना त्यांनी ती पाहिली. टाचणी काढून चिठ्ठी नीट सपाट केली आणि गठ्ठ्यात परत ठेवली.

"आपल्याच अर्जाले आपणच लावाची? हे सरकारी कामासाठी हाय."

"बाबा, आईले पाणी बी उतरत नाही."

"राहू दे वं," आई आतून म्हणाली. "मले काय एवढी घाई हाय."

साहेब उमरखेडकडे दौऱ्यावर होते. अर्ज त्यांच्या टेबलावर पडून राहिला, आणि त्याच्यावर रोज चिठ्ठीवाल्या फायली चढत गेल्या. त्या चिठ्ठ्या मीच कापलेल्या. साहेब परतल्यावरही बाबांनी तोंडातून शब्द काढला नाही. त्यांच्या या सज्जनपणाचा मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो. रजा मिळायला पाच आठवडे लागले. नागपूरच्या डॉक्टरांनी आईला तपासलं आणि एवढंच विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

आई दिवाळीच्या आधी गेली, सकाळीच. वणीच्या मामाला कळवायचं होतं, म्हणून मी बाबांबरोबर तारऑफिसात गेले. आदल्या दिवशीही चिठ्ठ्या कापल्या होत्या, बोटं अजून लाल होती. बाबांनी फॉर्म भरला, त्याच वळणदार अक्षरात.

"साधी की अर्जंट?" खिडकीतल्या माणसाने मान वर न करताच विचारलं.

बाबा माझ्या बोटांकडे बघत उभे राहिले. मागे लोक खोळंबले.

"अर्जंट," ते म्हणाले. स्वतःच्या घरासाठी त्यांनी तो शब्द पहिल्यांदाच काढला.