बाहेरचं आहे काय?

मंडळाच्या बायांनो, हे नातीकडून लिहून घेतलं. चूक असंल तं तिची.

खाणीचं छत कोसळल्यापासून माझा लेक बोलत नाई. नागपूरच्या मनाच्या डॉक्टरकडं नेतो. कंपनीनं बिल मंजूर केलं तरच पुढचा उपचार.

आज तेच बिल घेऊन कंपनीच्या हापिसात गेली. बाबूनं विचारलं, "बाई, बाहेरचं आहे काय?"

मी रांगेतच भडकली. "भूतबित नाई लागलं माझ्या पोराले!"

"अवं, बाहेरच्या डॉक्टरचं बिल आहे काय, म्हणतो मी!"

सारी रांग हसली, मीही हसली. त्यानं शिक्का मारला, मी अंगठा दिला.

वाटेत मात्र हसू गेलं. आधी मीच लेकाले पुजाऱ्याकडं नेऊन बाहेरचं उतरवत होती. दुखणं आतलं होतं. तुमच्या घरी कोणी गप्प झालं, तं कुठी नेता?